एकाच ताग्यातली मुलं

दरवर्षी दसऱ्याच्या आधी उषाआत्या सुलतान बाजारात जायच्या आणि कापडाचा अख्खा तागा घेऊन यायच्या. घरात जेवढी मुलं असतील तेवढ्यांचे कपडे त्यातून निघायचे. मुलींना फ्रॉक, मुलग्यांना बुशशर्ट, उरलेल्यातून उशांचे अभ्रे. विद्यानगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिलाई मशीन खिडकीशीच होतं. दिवाळीच्या आधी गल्लीत शिरलं की त्याची खडखड ऐकू यायची.

माझ्या नवऱ्याच्या, गिरीशच्या, त्या आत्या. लग्न केलं नव्हतं. महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतून. त्यामुळे मराठी लिहिताना अडखळायच्या आणि बोलताना मध्येच ‘हौ’ आणि ‘नक्को’ यायचं. मी पुण्याहून लग्न होऊन आले, तेव्हा घरातली सगळी मुलं एकाच छापाच्या कपड्यांत पाहून मला बँडपथक आठवलं होतं.

ताग्यामागची गोष्ट गिरीशनं सांगितली. वडील लवकर गेल्यामुळे आत्या आणि माझे सासरे काकांकडे, मुकुंदराव वकिलांकडे, वाढले. दिवाळीला काकांच्या मुलांना ताग्यातले नवे कपडे, आणि या भावंडांना त्या मुलांचेच मागच्या वर्षीचे, उसवून पुन्हा शिवलेले. घरी आलेल्या पाहुण्याला कुणी सांगावं लागत नसे की यातली घरची कोण आणि आश्रित कोण. नोकरी लागल्यावर आत्यांनी पहिली खरेदी केली ती ताग्याची. “मूल कुणाचं ते अंगावरून कळायला नक्को,” एवढंच त्या म्हणायच्या.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. गिरीशनं सरकारी नोकरी सोडून कॉम्प्युटरची कंपनी धरली होती, घरात केबल आली होती, दिलसुखनगरला रेडिमेड कपड्यांची काचेची दुकानं लागली होती. मी नेहासाठी तिथून जीन्सचा फ्रॉक घेतला होता, पण दिवाळीच्या सुट्टीत झू पार्कला जायचं ठरलं तेव्हा तो कपाटातच ठेवला. आत्या बरोबर येणार होत्या. म्हणून चार वर्षांच्या नेहाला त्यांनी शिवलेला पिवळा, फुलाफुलांचा फ्रॉक. माझी नणंद हर्षदा आली होती, तिची ईशा आणि पराग तशाच पिवळ्यात.

“आज सिंहाला वाटणार, झेंडूचा ढीग चालत आला,” हर्षदा म्हणाली.

“येऊ दे त्याला जवळ,” आत्या म्हणाल्या, “त्यालाही शिवते एक बुशशर्ट.”

मी हसले नाही. मी मुळातच घाबरट. सकाळपासून मला मगरींच्या तळ्याचा कठडा बुटका वाटत होता, वाघाच्या पिंजऱ्याचे गज लांब लांब वाटत होते. गिरीश म्हणाला, “वैशाली, ती मगर तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीये गं.” तरी मी नेहाचं मनगट सोडलं नाही. सोडलं ते जेवणं झाल्यावर, डबे आवरताना.

आत्या झाडाखाली चटईवर डोळे मिटून पडल्या होत्या. हर्षदा भांडी घेऊन नळावर निघून गेली. “छोट्या रेल्वेत कोण बसणार?” असं गिरीश ओरडला आणि मुलं उठून पळाली. मी वर पाहिलं. पराग पुढे, आणि गिरीशच्या बोटाला धरून पाठमोरा पिवळा फ्रॉक चालला होता. नेहा बापाबरोबर आहे, ईशा तिच्या आईबरोबर नळावर असेल. दिवसभरात पहिल्यांदाच मी निर्धास्त झाले.

ते परत आले तेव्हा गिरीशच्या बोटाला ईशा होती.

“नेहा कुठाय?”

“तुझ्याजवळ ना? मी जाताना मागे वळून पाहिलं, चटईशी पिवळा फ्रॉक होता.”

होता. तो फ्रॉक मग त्यांच्या मागून धावला असणार, आणि गर्दीत वाट चुकला असणार. तेवढ्यात हर्षदा नळावरून आली. एकटी.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम सगळं आलं. रेल्वेचे रूळ, तळं, फाटकाबाहेरचा रस्ता, त्यावरच्या बसगाड्या. आत्या उठून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या या ताग्यानं माझी मुलगी घालवली, आत्या.”

आत्यांनी चपला पायात सरकवल्या.

“गिरीश, तू ऑफिसात जा, भोंग्यावर नाव सांगायला लाव. हर्षदा, परागला धरून इथंच बस, जागा सोडू नकोस. ती परत फिरली तर इथंच येईल. वैशाली, चल.” आणि त्यांनी ईशाला उचलून कडेवर घेतलं.

“आत्या, हिला कुठं नेतेस?” हर्षदा ओरडली. “एक हरवली ती पुरे नाही का?”

“हिला दाखवायला.”

मी ‘नेहा, नेहा’ ओरडत धावत होते. आत्या ओरडत नव्हत्या. गवतावर बसलेल्या एकेका कुटुंबापुढे थांबून त्या ईशाला पुढे करायच्या. “अम्मा, ऐसेच फ्रॉक की एक बच्ची दिखी क्या आपको? इससे जरा छोटी.” लोक ईशाला नीट निरखून मान हलवायचे. भोंग्यावर आधी तेलुगूत, मग उर्दूत नेहाचं नाव ऐकू आलं. माझ्या मुलीचं नाव असं हवेत.

हरणांच्या कुंपणापाशी काकड्या विकणारी बाई बसली होती. तिनं ईशाला बघताच म्हटलं, “हौ, दिखी ना! येईच फुलां. यां खडे रह के रो रई थी. एक खाला उठाके लेके गई.”

“कां लेके गई?” आत्यांनी विचारलं.

बाईनं फाटकाकडे बोट केलं.

कुणा बाईनं उचलून नेली. बाहेर. मी पळत सुटले. मागून आत्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. बासष्ट वर्षांच्या बाईच्या कडेवर पाच वर्षांची मुलगी. “ईशाला खाली ठेवा,” मी न थांबता म्हणाले. “नक्को,” त्या म्हणाल्या, “हीपण सुटेल.”

फाटकाच्या आतल्या बाजूला, लोक बाहेर पडतात तिथेच, बुरखा घातलेली एक वयस्क बाई बाकावर बसली होती. अवतीभोवती तिची सुना-नातवंडं. तिच्या मांडीवर नेहा होती. हातात अर्धं बिस्कीट, गाल मातीनं आणि अश्रूंनी माखलेले. मला पाहिल्यावर तिचा ओठ थरथरला आणि मग तिनं असा टाहो फोडला की फाटकावरचा शिपाईसुद्धा वळला.

मी तिला ओढून घेतलं. ती बाई उठली. मला वाटलं, ती माझ्याशी बोलेल; पण ती आत्यांकडे वळली.

“बडे हैं ना आप? इत्ती सी बच्ची कबसे रो रई, आप लोगां कां थे? सब लोगां बाहर तो यईंच से निकलते बोल के मैं यां बैठी, मेरे घरवाले घर जाने को बैठे हैं. कोई और उठा लेता तो?”

आत्यांची काही चूक नव्हती. मुलं त्या आम्हा दोघांवर सोपवून झोपल्या होत्या. ते मी सांगायला हवं होतं; मी नेहाचे गाल पुसत राहिले.

“मेरी नजर चुकी, आपा,” आत्या म्हणाल्या. “आपका एहसान है.”

“चुकी बोले तो!” ती बाई म्हणाली, पण मग तिनं आत्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. ईशा अजून कडेवरच होती.

घरी जायला दोन रिक्षा केल्या. आमच्या रिक्षात मी, आत्या आणि माझ्या छातीशी झोपलेली नेहा. रिक्षा जुन्या शहरातून हळूहळू निघाली. आत्या म्हणाल्या, “वैशाली, थोडा वेळ माझ्याकडे देतेस का तिला?”

त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पण माझे हात सुटेनात. “झोपलीय, उठेल,” मी म्हणाले.

“हौ, बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. रिक्षा वळणावर हलली, तसा नेहाचा पाय माझ्या मांडीवरून खाली लोंबायला लागला. आत्यांनी तो धुळीनं भरलेला पाय ओंजळीत घेतला आणि विद्यानगर येईपर्यंत सोडला नाही.