सूनबाईची टाकी

आमच्या परसात एक टाकी आहे, आणि संध्याकाळी चार खुर्च्या पडतात. त्यामुळे इथे दोनच गोष्टी साचतात, पाणी आणि किस्से. झाशीच्या उन्हात पाणी तरी उडून जातं. किस्से मेले जागचे हलत नाहीत!

मी सातवी नापास. लिहिणं माझं काम नाही. पण शेजारचे तिवारीजी हे किस्से लोकांना चुकीचे सांगत फिरतात, म्हणून मलाच लिहायला लागतंय.

•

आमची सूनबाई रजनी, मऊरानीपूरची. बुंदेली घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी शून्य, आणि झाशीच्या खंडेराव गेटपाशी पिढ्यान् पिढ्या राहूनही मी घरात हिंदी बोलणार नाही म्हणजे नाही!

नळाला पाणी एक दिवसाआड. नवी नवरी कमरेवर पाण्यानं भरलेला हंडा घेऊन आली. मला दया आली. म्हटलं, "दमलीस पोरी. हंडा खाली ठेव."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हंड्याकडे. मग मुकाट्यानं सगळं पाणी मोरीत ओतलं आणि रिकामा हंडा माझ्यापुढे ठेवला.

"खाली रख दिया, अप्पा."

हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं! हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सून ऐकेल ते मराठीतच ऐकेल असं मी धरून चाललो होतो. तो दिवस आम्ही तिवारीजींच्या घरचं पाणी प्यायलो.

•

मग तिनं परसात हे मासे-भाजीचं खूळ काढलं. खाली टाकी, टाकीत मासे. वर लोखंडी घोडीवर पसरट वाफे, वाफ्यात माती नाही, नुसती खडी. पंप माशांचं घाण पाणी वर चढवतो, मेथी-टोमॅटोची मुळं त्यातली घाण खातात, स्वच्छ झालेलं पाणी परत टाकीत पडतं.

मी म्हटलं, "मातीशिवाय मेथी? उद्या पिठाशिवाय पोळी करशील!"

महिन्याभरात ताटात मेथी आली. मी दोनदा मागून घेतली. चांगली झाली असं म्हटलं नाही. सवय लावू नये.

•

तिवारीजी शुद्ध शाकाहारी. कांदासुद्धा चोरून खातात. त्यांना एक जुडी दिली. घरी नेली, आणि पाचच मिनिटांत जुडी हातात धरून परत!

"भाईसाहब, एक शंका है. इस मेथी ने मछली का... मतलब... वही खाया है न?"

"हो."

"तो ये शाकाहारी हुई कि मांसाहारी?"

रजनी टोमॅटो तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "चाचाजी, आपके खेत में गोबर पड़ता है. तो क्या गेहूँ गाय हो गया?"

तिवारीजींनी जुडी नेली. आता दर मंगळवारी न बोलावता येतात.

•

पहिल्या उन्हाळ्यात ती चार दिवस माहेरी गेली. आमच्याकडची लू, ती उन्हाळ्यातली गरम झळ, म्हणजे तहानलेला पाहुणा, टाकीतलं पाणी बघता बघता पिऊन टाकते. रोज दोन बादल्या घालायचं काम तिनं नवऱ्याला, म्हणजे आमच्या विनूला दिलं. विनूनं पहिल्या दिवशी घातल्या. मग आयपीएल लागलं.

पाणी उतरलं, पंप कोरडा फिरून जळला, मासे गेले. एकूण एक.

ती आली. रडली नाही, भांडली नाही. टाकी घासली, उन्हात उलटी घातली, नवे मासे आणले. पण त्यानंतर माहेरी गेली नाही. राखी आली, दिवाळी आली. बोलावणं यायचं, ही म्हणायची, "टंकी कौन देखेगा?"

विनू तेवढ्यापुरता न्हाणीघरात जाऊन बसायचा.

•

मग तिच्या भावाचं, पप्पूचं, लग्न ठरलं. ऐन मे महिन्यात! आता काय करणार? पण बाईनं डोकं लावलं. एक ड्रम उंचावर ठेवला. नळाचं पाणी त्यात दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं जंतू मारायचं औषध उडून जातं; ते माशांना बाधतं. ड्रमातून नळी टाकीत, आणि नळीच्या तोंडाशी फ्लोट, संडासच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा. पाणी उतरलं की गोळा उतरतो, नळी उघडते. पाणी चढलं की बंद.

पहिल्याच दिवशी फजिती! पंपानं वरचा वाफा भरला, तेवढं टाकीतलं पाणी उतरलं. गोळ्याला वाटलं, टाकीला तहान लागली. त्यानं ड्रमातलं पाणी सोडलं. मग वाफा रिकामा होऊन वरचंही पाणी खाली आलं, आणि टाकी उतू गेली. मासे परसभर!

मी धोतर खोचून मासे गोळा करतोय, रजनी परात घेऊन धावतेय, आणि तिवारीजी खुर्चीवर चढून ओरडताहेत, "एक तुलसी के पीछे! एक आपकी चप्पल में!"

दुसऱ्या दिवशी तिनं वाफा भरू दिला आणि पाणी कुठवर उतरतं ते बघून गोळा त्याच्याही खाली बांधला. म्हणाली, "अप्पा, मशीन को भूख और लालच का फ़रक सिखाना पड़ा."

हे अर्ध्या गावाला शिकवायला हवं!

•

माझा विश्वास नव्हता. ती दुपारी आडवी झाली की मी गुपचूप बादलीभर पाणी काढायचो. गोळा खाली, नळी चालू. पाणी भरलं, नळी बंद. परत काढायचो. परत तेच! सबंध आठवडा मी त्या गोळ्याच्या मागे लागलो होतो. एकदाही चुकला नाही.

आतून आवाज आला, "अप्पा, पास हो गया कि और इम्तिहान बाकी है?"

म्हटलं, "जा तू लग्नाला!"

•

गेली. विनूही गेला. माझे गुडघे बसच्या लायकीचे नाहीत, मी घरी.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होतो. रजनीचा फोन. मागे बँड, बायकांची गाणी. कशीबशी ऐकू आली, "अप्पा, टंकी कैसी है?"

मी ओरडून सांगितलं, "टाकी खाली आहे! मी वर आहे, बघून सांगतो!"

पण पहिल्या 'आहे'च्या पुढचं ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं. माझी बॅटरी संपली होती. फोन गेला.

खाली जाऊन बघितलं. टाकी काठोकाठ. फोन चार्जिंगला लावायचं डोक्यात आलं नाही. जेवलो, झोपलो.

दिवस कलताना दाराशी हॉर्न. उघडतो तर अख्खी बस! नवरदेवाची वरात मऊरानीपूरहून नवरीच्या गावी, चिरगाँवला निघालेली, ती वाट वाकडी करून आमच्या गल्लीत. पहिली उतरली रजनी, बनारसी शालू, पायात चप्पल नाही. मागे विनू, दोन्ही हातांत बादल्या. त्याच्यामागे नवरदेव पप्पू, तोंडावर फुलांचा सेहरा, खांद्यावर पाण्याचा कॅन! त्याच्यामागे बँड.

बसमधून नवरदेवाचे काका ओरडताहेत, "अरे, मुहूर्त निकल रओ है!"

पप्पू वळलासुद्धा नाही. "पैलें जिज्जी की मछरियाँ!"

सगळे परसात घुसले. रजनी टाकीवर वाकली. तिची सावली पडताच मासे खायला मिळेल म्हणून वर आले. तेवढ्यात गोळा किंचित उतरला, नळीतून धार आली, आणि आपली आपणच थांबली.

बँडवाल्यानं हळूच विचारलं, "बजाएँ क्या?"

रजनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"अप्पा! आपने तो कहा था, टाकी खाली आहे!"

"मग? वर आहे का?"