एका बाजूने तडकलेल्या रिंगा

आमच्या सरकारी संशोधन संस्थेत निकामी माल भंगारात काढायचा तर आधी त्याला इंग्रजीत एक शब्द द्यावा लागतो. अहवाल मी लिहिते, म्हणून शब्दही मीच निवडते. वोर्न आउट, म्हणजे वापरून झिजलं, असं लिहिलं की कोणी काही विचारत नाही. डिटिरिओरेटेड म्हणजे माल पडून पडून बिघडला, दोष कोणाचाच नाही. डॅमेज्ड म्हटलं की कोणी केलं ते लिहावं लागतं. डिस्ट्रॉइडला चौकशी समिती बसते. बेंगळुरूत इतकी वर्षं नोकरी केल्यावर मला एवढं कळलंय की जो माझ्या टेबलावर न मागता फिल्टर कॉफी आणून ठेवतो, त्याच्या खिशात यातला एक शब्द असतो.

स्टोअरकीपर अण्णांनी कधी कॉफी आणली नव्हती. शहराबाहेरच्या आनेकलहून बसने येणारे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेल्या मराठी घरातले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्या सकाळी ते कॉफी घेऊन आले आणि व्हॅक्यूम पंपांच्या रबरी रिंगांची चार खोकी डिटिरिओरेटेड लिहा म्हणाले. नावावर चौकशी लागली तर निवृत्तीचे कागद अडकतात, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

रिंगा दीड वर्षापूर्वी घेतलेल्या. रबर एवढ्यात म्हातारं होत नाही. चांगल्या रिंगा इथल्या, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या एखाद्या वर्कशॉपात गेल्या आणि खोक्यांत जुन्या भरल्या, असं मी धरूनच चालले. कॉफीला हात लावला नाही. जेवणाच्या सुट्टीत अण्णा बाहेर गेल्यावर स्टोअरमध्ये जाऊन पाकिटांवरचे आणि रिंगांवरचे नंबर ताडून पाहिले. सगळे जुळले. मग एकेक रिंग वाकवून बघितली. एका बाजूला भेगा, दुसरी बाजू मऊ. प्रत्येक रिंग तशीच.

अण्णा परत आले तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते. रिंग पुढे धरली. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगून टाकलं. छत गळून खोकी भिजली होती. म्हणून त्यांनी रिंगा गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरून चार दिवस कडक उन्हात ठेवल्या, घरी तांदळाचे संडिगे वाळत घालतात तशा. रबराला ऊन चालत नाही, हे त्यांना भेगा पडल्यावर कळलं.

"निदान उलटवायच्या तरी," मी म्हटलं.

"उलटवल्या असत्या तर दोन्हीकडून गेल्या असत्या, अक्का. स्वल्प, जरा बघा की."

छताचं कोणाला कळवलं होतं का, ते मी विचारलं. त्यांनी फाइल काढली. आमच्या विभागाच्या साहेबांना लिहिलेली दोन पत्रं, दोन्हींवर मिळाल्याची साहेबांची सही. पुढे काही नाही.

त्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. डॅमेज्ड लिहा, स्टोअरकीपरचा निष्काळजीपणा, विषय संपवा, म्हणाले. भंगाराच्या अहवालाची त्यांना एरवी कधी घाई नसते.

मी डॅमेज्डच लिहिलं, कारण ते खरं होतं. उन्हात कोणी ठेवल्या तेही लिहिलं. त्याआधी छत गळत होतं आणि तसं दोनदा लेखी कळवलं होतं, हेही लिहून पत्रांच्या प्रती जोडल्या. अहवाल अण्णांना वाचून दाखवला. "सरी, ठीक आहे," म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दोन दिवसांनी अहवाल साहेबांच्या केबिनमधून परत आला. डॅमेज्डवर लाल रेघ, त्यावर त्यांच्या अक्षरात डिटिरिओरेटेड. छताचा परिच्छेद आडवा कापलेला. पत्रांच्या प्रती टाचणीसकट गायब. नवीन प्रत टाइप करून सही करा, असा निरोप.

माझा अहवाल आणि ती दोन्ही पत्रं यांची झेरॉक्स मी आधीच काढून ठेवली होती. नव्या प्रतीवर सही केली. महिनाअखेर अण्णा गळ्यात हार घालून आनेकलच्या बसमध्ये बसले, त्यांचे कागद कुठेही अडकले नाहीत.

छत अजून गळतं. नवीन स्टोअरकीपरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेबांना काही लिहून दिलंस की एक प्रत माझ्याकडे आणून दे. आणि येताना कॉफी आणू नकोस.