दारं-खिडक्या नसलेलं घर

माझा थोरला भाऊ चित्रकार आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कशाची चित्रं काढतो?" तो कशाचीच काढत नाही. आता मुंबईत त्याची प्रदर्शनं भरतात, तरी माझी ही पंचाईत काही संपलेली नाही.

पण त्याच्यापुढे मी कायमची गप्प झाले, ती प्रदर्शनांमुळे नव्हे. तो जिंतूरच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा तेव्हाची गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत आमच्या खेड्यातली बौद्धवस्ती पेटवली गेली, त्यात आमचं घर गेलं. माय आधीच गेलेली. आबा आणि मी दादाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. त्यातच आबांना काचबिंदू निघाला. नजर जाणार, थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा आबांनी मुलाकडे एकच गोष्ट मागितली.

"एवढं शिकलास. माझं घर काढून दे. दिसायलंय तवर एकदा बघतो."

घराचा एकही फोटो आमच्याकडे उरला नव्हता. दादा सरळ हो म्हणाला आणि मला धडकी भरली. घर काढायचं म्हणजे दार हवं, खिडकी हवी, आणि या माणसाच्या चित्रात मी कधी साधं भांडं पाहिलं नव्हतं.

"दादा, ह्या बारीला तरी दार काढ," मी म्हणाले. "आबा आस लावून बसलेत."

"दार तर सगळ्याच घराला असतंय," एवढंच बोलून तो कामाला लागला.

परभणीहून एसटीच्या टपावर टाकून त्यानं प्लायवूडची फळी आणली. सगळ्यात खाली त्यानं काळा रंग दिला. त्या काळ्याबद्दल मी काही विचारलं नाही. त्यावर मातकट, मग पांढरा, परत मातकट. माय दर सणाला भिंती पोतारायची, पांढऱ्या मातीचा नवा हात जुन्यावर चढत जायचा, अगदी तसं. मग गवंड्याची थापी घेऊन तो खरवडायला बसायचा आणि मेहनतीनं चढवलेलं निम्मं खाली पाडायचा. शेजारीण डोकावून म्हणाली, "सर भिंत रंगवायचं शिकायलेत का?" तिला मी चहा न विचारताच वाटेला लावलं.

हळूहळू मात्र खरवडलेल्या जागी खालचे रंग वर आले. चुलीमागचा धूर, ओलीचा हिरवट डाग, कंदील टांगायचो तिथला पिवळेपणा. बोट ठेवून दाखवावं असं काहीच नव्हतं. पण त्या फळीसमोर उभी राहिले आणि मला आमच्या घराचा वास आला. खोटं नाही सांगत. माझ्याच भावाच्या हातात एवढं काही असेल, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी दादानं फळी भिंतीशी उभी केली आणि आबांना बोलावलं. आबा जवळ गेले, लांब झाले, मान वाकडी करून पाहिलं, पार नाक लावून पाहिलं. मग त्यांनी चित्राकडे पाठ फिरवली.

दादाचा चेहरा पडला. मला आबांचा भयंकर राग आला. पोरासाठी निदान बरं आहे एवढं तरी म्हणायचं होतं.

आबा खाली बसले. बसल्या बसल्या मागे सरकले, चित्राला पाठ टेकवली, पाय लांब केले आणि समोर बघत राहिले. समोर आमचा रॉकेलचा डबा होता. दिवसभर राबून आले की गावाकडे ते असेच भिंतीला टेकून बसायचे. वरचा रंग अजून ओला होता. मी काही बोलणार, तोच दादानं मला हातानं थांबवलं. त्याचे डोळे भरले होते.

"पोरी, च्या ठिव," आबा म्हणाले. "आन् बाहीरच आन. मी ओट्यावर बसलोय."