मशीन पोचलंय, पण उठत न्हाई

भोरच्या आमच्या छोट्या ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की एकाने किस्सा सांगायचा आणि बाकीच्यांना दोन-दोन आठवायचे, असं चालतं. साठा वाढतच जातो! त्यात वेल्ह्याकडच्या एका दूध डेअरीचं काम आलं. त्यांची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे भाड्याच्या जागेत चालणारे, हाताला न लागणारे कॉम्प्युटर, एका कंपनीच्या क्लाउडवरून दुसरीच्या क्लाउडवर हलवायची होती. त्यासाठी टूल मिळतं. जाहिरातीत म्हटलेलं, 'फक्त एक क्लिक!' क्लिक एकच होतं, हे खरं. बाकीचं सगळं आम्ही केलं.

*

पहिलं मशीन हललं. टूल म्हणालं, 'यशस्वी'. चालू करतो तर ढिम्म! नव्या जागेची डिस्कच त्याला ओळखता येईना, आणि ओळख करून देणं टूलला जमेना.

विंझरचा आमचा सागर. त्याने डेअरी चालवणाऱ्या अण्णांना फोन लावला. "अण्णा, मशीन पोचलंय, पण उठत न्हाई."

"वरातीतनं आल्यालं दिसतंय. निजू द्या!"

*

दुसरं इतकं जुनं, की टूलने हातच वर केले. 'सपोर्ट नाही.' ते बसवणारे काका केव्हाच रिटायर झालेले. सागरने त्यांना गाठलं. "काका, ह्याला सपोर्ट कसा न्हाई?"

"म्या बसवलं तवा व्हता की! आता मलाच न्हाई!"

*

तिसऱ्यात दुधाच्या नोंदी. टूल आधी सगळं कॉपी करतं, मग तेवढ्या वेळात झालेले बदल. पण नोंदी इतक्या भराभर पडत, की टूल मागेच! शेवटी पुण्यातल्या आमच्या टीम लीड मॅडमनी अण्णांना विनंती केली, "थोडा वेळ दूध घेणं थांबवता का?"

"मी थांबतो की. म्हशींस्नी तुमी सांगा!"

*

मधेच मी राजगडाच्या पायथ्याच्या पालीला मामांकडे गेलो. रेंज फक्त गडाच्या वाटेवर. तिथून फोनवर होतो. मॅडमनी विचारलं, "काम कुठवर आलं?" तेवढ्यात एक घामाघूम ट्रेकर मला म्हणाला, "दादा, अजून किती?"

मी त्याला म्हटलं, "निम्मं झालंय. खरा चढ पुढंच हाय. पाणी पीत, बसत बसत जा!"

मॅडमनी अण्णांना तसाच्या तसा मेल केला. पाण्यासकट!

*

शेवटी सगळी मशीन्स उठली. पण जुना पत्ता बरोबर नेणं काही त्या टूलला येत नाही. मशीनला नवा पत्ता मिळाला, आणि गावोगावची दूध केंद्रं जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसली! दूध कॅनमध्ये, माणसं रांगेत, अण्णा फोनवर तापलेले. मी घरी बसून एकेका केंद्राला फोन करून नवा पत्ता सांगत होतो.

माझे वडील, आबा, शेजारी चहा पीत ऐकत होते. ऐन तारुण्यात त्यांचं गाव धरणात गेलेलं.

"काय झालं रं?"

"मशीन हलवलं आबा. पत्ता बदलला, पण कुणाला कळलंच नाही."

"आन् ज्यानं हलवलं त्यो?"

"ते टूल आहे. नेऊन टाकलं की त्याचं काम संपलं."

आबांनी कप खाली ठेवला.

"मंजी आमाला हलवलं तवा बी ह्योच टूल व्हता व्हय रं!"