क्लच दाबला की थांबणारा आवाज

माहेरची माणसं फसवत नाहीत, असं मी नवऱ्याला भरल्या ताटावर सुनावलं होतं. तो बिचारा एवढंच म्हणाला होता, "जुनी गाडी आहे, एकदा मिस्त्रीले दाखवून घेऊ." मी भडकलेच. गाडी माझ्या मावसभावाची, रामटेकच्या दादाची. मी कॉलेजात असताना गाडी चालवायला त्यानंच मला शिकवलं. त्याच्या दारात मिस्त्री नेऊन उभा करायचा? आमच्याकडे घरच्या माणसाची वस्तू कुणी तपासून घेत नाही. तपासली तर तो अपमान, आणि असा अपमान पुढच्या दहा लग्नांत काढला जातो.

गाडी घेतली. बुटीबोरीच्या शाळेत शिकवायला मी तिनंच जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. सक्करदऱ्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढला की बॉनेटखालून खरखर, जात्यात खडे पडल्यासारखी. दादाला फोन केला.

"क्लच घासला असन वं," तो म्हणाला. "जुन्या गाडीले थोडा आवाज राहतेच. तू फालतू कान देऊन राहिली."

मी कान देणं बंद करून पाहिलं. जमलं नाही. शेवटी नवऱ्याला न सांगता मिस्त्रीकडे गेले. वयस्कर माणूस, बोलणं कमी. त्यानं इंजिन सुरू ठेवायला सांगितलं, लांब स्क्रूड्रायव्हर खालून गिअरबॉक्सला टेकवला आणि मुठीला कान लावला.

"ताई, क्लच दाबा."

दाबला. आवाज बंद.

"सोडा."

खरखर सुरू. चार वेळा तेच झालं.

"क्लच चांगला हाये," तो हात पुसत म्हणाला. "क्लचमध्ये खराबी असती तं दाबल्यावर ओरडला असता. हे दाबल्यावर चूप होऊन राहिलं. गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग गेलं. अन् हे आजचं दुखणं नाही, जुनं आहे."

"मग गाडी पाहायला गेले तेव्हा मले कसं नाही ऐकू आलं?"

"चालवत कोण होतं?"

"भाऊ."

"गाडी उभी असताना त्याचा पाय कुठी होता?"

बाप्पा रे! त्या दिवशी दादानं मला गावभर फिरवलं, पण स्टिअरिंग काही सोडलं नाही. टपरीसमोर गाडीतच बसून चहा प्यायलो. इंजिन सुरू, आणि याचा डावा पाय क्लचवर दाबलेला. मी चिडवलंसुद्धा होतं, "म्हातारा झाला का गा दादा? गाडी थांबली की पाय काढायचा, हे तूच टपला मारून शिकवलं ना मले!" तो हसला होता.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हा माझंच बोलणं माझ्या तोंडावर मारणार. तो म्हणाला, "आधी दादाले विचार. त्याले माहीत नसन." गाडी गेली खड्ड्यात, मलाही तेवढंच पाहिजे होतं, की त्याला माहीत नसावं.

रविवारी रामटेक गाठलं. दादा अंगणात एकटाच होता. मी सरळ विचारलं, "तुले माहीत होतं ना?"

नाही म्हणाला असता तर मी मानलं असतं. देवाशपथ मानलं असतं.

"दोघं जण पाहून गेले होते," तो खाली पाहत म्हणाला. "दोघायनंही मिस्त्री आणले."

"मग मले काहून देली?"

"तू मिस्त्री आणणार नाही, हे मले माहीत होतं."

वहिनी जेवायला बोलावत होती. मी चप्पल घातली आणि निघाले.

घरी नवरा फाटकातच उभा होता. "काय म्हणले दादा?"

"त्याले बिचाऱ्याले माहीतच नव्हतं," मी म्हटलं.

"मले वाटलंच होतं. दादा कशाले असं करतील?" तो म्हणाला आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला.