आईने गावाचं नाव सांगितलं तेव्हा

मुखेडच्या बाजारात ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला अमेरिकेतली ती सरकारी कचेरी आठवते. आईला मी तिकडे माझ्याजवळ नेलं होतं. नागरिकत्व हवं तर इंग्रजीची आणि तिथल्या राज्यकारभाराची परीक्षा द्यावी लागते; पण आईला विस्मरणाचा आजार जडलेला, म्हणून डॉक्टरांनी परीक्षेतून सूट मिळावी असा दाखला दिला होता. त्या गार खोलीत अधिकारी बाईंनी दुभाष्याकडून विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" सकाळपासून गप्प बसलेली आई एकदम खुलली. "मुखेड! लई मोठा बाजार भरतो आमच्याकडं. उदगीरहून एसट्या भरभरून येत्यात, कोथिंबिरीचे तर ढीग लागत्यात!" दुभाष्या हसला, बाईही हसल्या, आणि स्मरणशक्ती चांगली आहे असं लिहून त्यांनी दाखला नाकारला. बाहेर आल्यावर आईने माझा हात घट्ट धरला. "तू कुणाची गं, बाई? माझ्या लेकीला बोलीव की." मी धावत आत गेले, तर त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं होतं. आई जाऊन आता वर्षं झाली, पण त्या बाईंनी तिला एकदा माझं नाव का विचारलं नाही, हा राग अजून जात नाही.