दहा मिनिटांचं सेशन

आमच्या धंद्यात जुनं काही शिल्लक राहत नाही. नवं व्हर्जन आलं की जुना कोड जातो, सर्व्हर बदलला की जुन्या फायली जातात, आणि पासवर्ड तर आपला आपणच विसरतो. किस्से मात्र कुणी डिलीट करत नाही. ते साठत जातात आणि ऑफिसात नवा माणूस आला की त्याला कामाआधी ऐकावे लागतात. बहुतेकांचे किस्से दुसऱ्यांच्या चुकांचे असतात. माझ्याकडचे बरेचसे माझ्याच चुकीचे आहेत.

ऑफिस खामगावला, एका कापडाच्या दुकानाच्या वर. साहेब, मी, डिझाइन बघणारी एक मुलगी आणि फोन घेणारे शकीलभाई, एवढीच आमची कंपनी. एका शिक्षण संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन प्रवेशअर्ज आम्ही तयार केला होता. पाच पानांचा अर्ज. जो आधी पूर्ण होईल त्याला आधी जागा.

शकीलभाईंची मुलगी नाझनीन तेव्हा दहावी झाली होती. तिला खामगावच्या कॉलेजात सायन्स घ्यायचं होतं. घर संग्रामपूरच्या पलीकडं, रोजचं येणं-जाणं शक्य नाही. शकीलभाई स्वतः खामगावात तिघांबरोबर एका खोलीत राहत आणि शनिवारी घरी जात. म्हणजे त्या वसतिगृहात जागा मिळाली तर सायन्स, नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं.

*

सर्व्हरला माणसं लक्षात राहत नाहीत. तुम्ही पहिलं पान भरून दुसऱ्यावर गेलात की तुम्ही कोण हे तो विसरलेला असतो. म्हणून आल्याबरोबर तो तुम्हाला एक नंबर देतो, आणि पुढच्या प्रत्येक पानाबरोबर तुमचा मोबाइल किंवा कॉम्प्युटर तो नंबर दाखवतो. याला सेशन म्हणतात. बराच वेळ कुणी नंबर दाखवला नाही, तर माणूस गेला असं समजून सर्व्हर तो रद्द करतो. त्याबरोबर भरलेलं सगळं जातं.

हे मी कॉलेजात एक सेमिस्टर शिकलो. शकीलभाई फोनवर दोन वाक्यांत सांगायचे. "रेशनच्या लायनीत थैली ठेवून तुम्ही घरी जाता ना, तसं समजा. फक्त इथं थैली जास्त वेळ राहत नाही."

एकदा पलीकडच्या बाईंनी विचारलं, "काऊन राहत नाही? आमच्या इथं तं कोणी हात लावत नाही थैलीले."

शकीलभाईंनी रिसिव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "काय सांगू, भाऊ?"

"सिक्युरिटी म्हणा," मी म्हणालो.

*

सुरुवातीला मी सेशन दिवसभराचं ठेवलं होतं. संग्रामपूरला दिनेशभाऊंचं सेवा केंद्र आहे, तिथं एकाच कॉम्प्युटरवर सगळ्या गावांच्या पोरींचे अर्ज भरले जात. दिनेशभाऊ लॉगआउट करत नसत. लॉगआउट केलं की भरलेला फॉर्म पुसला जातो, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून फोन आला. एका अर्जावर नाव एकीचं, मार्क दुसरीचे आणि फोटो तिसरीचा. मी दिनेशभाऊंना फोन लावून चांगलं झापलं.

ते शांतपणे म्हणाले, "तिघीही हुशार आहेत, सर. कोणालेही घ्या."

ऑफिस हसलं, पण संस्थेच्या लोकांसमोर साहेबांचा चेहरा पडला होता. मला ते लागलं. त्याच संध्याकाळी मी सेशन दहा मिनिटांवर आणलं.

शकीलभाई एवढंच म्हणाले, "भाऊ, दहा मिनिटात आमच्या तिकडं चष्मा सापडत नाही."

*

साखरखेर्ड्याहून एक निवृत्त गुरुजी आपल्या नातीचा अर्ज भरत होते. त्यांचा रोज फोन. "दाखल्याचा नंबर पाहायला आतल्या खोलीत गेलतो. आलो तर पुन्हा पहिलं पान. मी उठायचं का नाही, तेवढं सांगा."

चार वेळा असं झालं. पाचव्या दिवशी त्यांनी तयारी केली. सगळे कागद पलंगावर ओळीनं मांडले, पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर वाटी ठेवली. बायकोला सांगितलं, अर्धा तास कुणालाही आत सोडायचं नाही. आणि एकाही पानावर न अडकता अर्ज पुरा केला. विजयी आवाजात त्यांनी शकीलभाईंना फोन केला.

शकीलभाईंनी अर्ज उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "गुरुजी, अभिनंदन. तेवढी जन्मतारीख तुमची पडली."

गुरुजी म्हणाले, "घाईत आपलीच आठवते हो."

ती तारीख आम्ही आतून दुरुस्त केली. नातीला जागा मिळाली.

*

दिनेशभाऊंनी लवकरच माझ्यावर तोड काढली. दुसऱ्या टॅबमध्ये आमचं पहिलं पान उघडायचं आणि अधूनमधून ते रिफ्रेश करत राहायचं. सर्व्हरला वाटायचं माणूस जागेवर आहे, आणि इकडं अर्ज सावकाश भरता यायचा. हे काम ते रांगेत बसलेल्यांपैकी कुणालाही देत.

एकदा मला रेकॉर्डमध्ये एक सेशन सकाळपासून दुपारपर्यंत जिवंत दिसलं. पुढचं पान नाही, मागचं नाही, फक्त रिफ्रेश. मी केंद्रात फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"दिनेशभाऊ आहेत का?"

"जेवाले गेले."

"कॉम्प्युटरवर कोण आहे?"

"मीच आहो. बटन दाबून राह्यले."

"कुणाचा अर्ज आहे तो?"

"काय माहीत बापा. थे पोरगी तं कधीचीच घरी गेली. मले थांबा म्हणून कोणी सांगतलंच नाही."

आम्ही पोट धरून हसलो. शकीलभाईसुद्धा हसले. हसून झाल्यावर मी संगणकाकडं वळलो आणि पहिलं पान रिफ्रेश करून वेळ वाढणार नाही, अशी एक ओळ टाकून दिली. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

*

दोन दिवसांनी शकीलभाई चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊ, एक विचारू? माणसानं जेवढं भरलं तेवढं आपल्याकडं ठेवता नाही येत का? सेशन जाऊ द्या, पण भरलेलं राहू द्या. मोबाइल नंबर टाकला की पुन्हा तिथूनच सुरू."

येत होतं. ड्राफ्ट ठेवायचा, एवढंच. दोन दिवसांचं काम. पण ते मला सुचलं नव्हतं आणि फोन घेणाऱ्या माणसाला सुचलं होतं. मी म्हणालो, "इतकं सोपं नसतं ते, शकीलभाई. पुढच्या वर्षी बघू."

"हाव," ते म्हणाले आणि कप घेऊन गेले.

मग मलाच कसंतरी वाटलं, म्हणून विचारलं, "नाझनीनचा भरला का? इथून आतून टाकून देऊ का?"

"नाही भाऊ. दिवसभर लोकाइले नियम सांगतो, अन् आपलंच मागच्या दारानं कसं टाकू? रविवारी घरी आहो. तिलेच भरू देतो, तिच्या हातानं. सारी कागदं काढून ठेवली तिनं."

रविवार हा शेवटचा दिवस होता.

*

सोमवारी ते आले, हेडफोन लावला आणि कामाला लागले. मी विचारलं, "झाला का अर्ज?"

"नाही झाला, भाऊ. राहून गेलं."

मला राग आला, खरा राग. म्हणालो, "असं कसं राहतं? आपली माणसं शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात आणि मग सिस्टिमला नावं ठेवतात."

"मी कुठं नावं ठेवली?" ते म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी तो घेतला.

नाझनीन तिकडंच आर्ट्सला गेली.

*

पुढं महिनाभरानं संस्थेला अहवाल द्यायचा होता. किती लोक आले, किती अर्ज अर्धवट राहिले, असा. मी रेकॉर्ड चाळत होतो. शेवटच्या रविवारी एकाच मोबाइल नंबरावरून सहा वेळा सेशन सुरू झालं होतं. सहाही वेळा चौथ्या पानावर संपलं होतं. चौथ्या पानावर फोटो आणि दाखले चढवायचे असतात, आणि तिकडच्या रेंजवर त्यालाच दहा मिनिटांहून जास्त लागतात. दिनेशभाऊंचं केंद्र रविवारी बंद असतं. आणि दुसऱ्या टॅबची युक्ती मीच बंद करून ठेवली होती.

नंबर मला पाठ होता. कारण "काही अडचण आल्यास" म्हणून अर्जाच्या पहिल्या पानावर शकीलभाईंचा तोच नंबर छापला होता.

सहा वेळा पाच पानांपैकी साडेतीन पानं त्या पोरीनं टाइप केली होती. वडील शेजारी बसले असणार. त्यांनी तिला काय सांगितलं असेल, दहा मिनिटांचं काय कारण दिलं असेल, हे मला आजही विचारवत नाही. माफी मागायला हवी होती, तोंड उघडलं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. अहवालात मी "नेटवर्कअभावी अपूर्ण" असं लिहिलं.

*

पुढच्या वर्षीचा अर्ज तयार करताना मी कुणी सांगायच्या आधी ड्राफ्टचं काम हातात घेतलं. दोन दिवसही लागले नाहीत, दीड दिवसात झालं. शकीलभाईंना म्हणालो, "टेस्ट करता का? काहीही नाव टाका."

टेस्टिंगला ते नेहमी गमतीची नावं टाकत. कधी साहेबांचं नाव घालून त्यांना बारावी नापास करत, कधी माझं नाव मुलींच्या यादीत. मला वाटलं आताही तसंच काही असेल, म्हणून खुर्ची ओढून मागं बसलो.

त्यांनी आपला मोबाइल घेतला, ऑफिसचं वायफाय बंद केलं आणि भरायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक अक्षर. दुसऱ्या पानानंतर मोबाइल टेबलावर उपडा ठेवून चहाला खाली गेले. वीस मिनिटांनी आले. नंबर टाकला. दोन्ही पानं जशीच्या तशी होती. मान हलवून ते पुढं भरू लागले. टक्केवारी, सीट नंबर, दाखल्याचा क्रमांक, सगळं तोंडपाठ होतं. चौथ्या पानावर त्यांनी मोबाइलमधला एक फोटो निवडला. तो चढायला वेळ लागत होता. आम्ही दोघंही त्या सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडं बघत बसलो.

अर्ज गेला. माझ्या स्क्रीनवर यादीत पहिलं नाव आलं, नाझनीन शकील, आणि पुढं, जागा उपलब्ध.

शकीलभाई उठून माझ्या मागं आले. त्यांनी ती ओळ वाचली. मग माझ्या हातातला माउस घेतला, ओळ सिलेक्ट केली आणि डिलीट केली.

"चालते, भाऊ," ते म्हणाले. "लाइव्ह करून टाका."